साहेबांच्या हाताला आराम पडो

नातीच्या जन्मदाखल्यासाठी सहाव्यांदा नगरपालिकेत आलेल्या शिवणवाल्या मावशींच्या बाकावर एक पुजारी आणि एक पाद्री येऊन टेकले. मावशींनी डोळे मिटले, कान तेवढे उघडे ठेवले.

“गुरुजी, शाळेपुढच्या गतिरोधकाचा अर्ज देऊन किती दिवस झाले हो?”

“सात महिने. परवा एक पोरगी थोडक्यात वाचली, तरी साहेबांची सही नाही.”

“रविवारी मी आजाऱ्यांसाठी प्रार्थना घेतली. यादीत साहेबांचंही नाव घातलं.”

“त्यांना काय झालंय?”

“उजवा हात चालत नाही, म्हणालो.”

“फादर, तुम्ही चक्क थाप मारलीत?”

“सात महिन्यांत एक सही झाली नाही. चालतो कसा म्हणू?”

“तेही खरंच. मग मीही कबूल करतो. देवळात माइकवरून सांगितलं, साहेबांच्या हाताला आराम पडो. पुढ्यातच त्यांच्या आई बसल्या होत्या.”

“मग?”

“तेव्हापासून त्या साहेबांना सकाळ-संध्याकाळ धरून बसवतात आणि हाताला तेल चोळतात म्हणे.”

तेवढ्यात शिपाई बाहेर आला.

“ही घ्या सही. आणि हात बरा झाला, हे आईंना आजच सांगा म्हणतायत.”

“सांगू की. गतिरोधक झाला की लगेच.”

दोघं उठले, तशी मावशींनी डोळे उघडले.

“फादर, चार नंबरच्या खिडकीतल्या कारकुनासाठीही प्रार्थना करा ना.”

“त्यांना काय होतंय?”

“मी समोर उभी राहिले की त्याला दिसेनासं होतं.”