इनायतभाईंनी मला हरवलं त्याबद्दल

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, ज्यांच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या सिमेंटच्या आवारात आम्ही रोज सकाळी उड्या मारतो ते आदरणीय किसनरावजी. प्रमुख पाहुण्या डॉक्टर आकांक्षाताई. सत्कारमूर्ती आणि एसटी डेपोचे निवृत्त मेकॅनिक इनायतुल्ला खानसाहेब, म्हणजे आपले इनायतभाई. त्यांना कायमचं भोपाळला घेऊन जायला आलेले चिरंजीव तनवीर. आणि परतवाड्याच्या पिकलबॉल मंडळातल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

अध्यक्षांनी मला विषय नेमून दिला आहे, 'पिकलबॉल खेळण्याचे आरोग्याला फायदे'. निरोपाच्या कार्यक्रमात हा विषय कशाला, असं मी विचारलं. ते म्हणाले, "मास्तर, तुमाले मोकळं सोडलं तं तुमी रडसान. डॉक्टरीणबाई येऊन राहिल्या, कामाचं बोला." मी पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालो, वरून आलेला आदेश पाळायची सवय आहे. तेव्हा कामाचं बोलतो.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बॅडमिंटनएवढं मैदान, कमरेएवढी जाळी, हातात सपाट बॅट आणि भोकाभोकांचा प्लास्टिकचा चेंडू. मैदान लहान, म्हणून आमच्या वयाला झेपेल एवढंच धावणं. पण दम लागतो, घाम येतो, हृदयाला काम मिळतं. वळावं लागतं, वाकावं लागतं, त्यानं तोल सुधारतो. या वयात पडण्याचीच तर खरी भीती असते, नाही का? साखर आटोक्यात राहायला मदत होते, रात्री झोप लागते. ताई, काही चुकलं तर टोका. आणि हो, चपला घालून खेळू नका असं ताईंनी तीनदा सांगितलंय. नत्थुजी, मी तुमच्याकडे पाहत नाहीये.

आता उदाहरण द्यायचं तर माझंच देतो.

दोन वर्षांपूर्वी अमरावतीला माझी अँजिओप्लास्टी झाली. तीन महिन्यांनी ताईंनी तपासून सांगितलं, खेळा, दम लागला की थांबा. मी भीत भीत मैदानावर आलो आणि काय सांगू, पहिल्याच दिवशी जिंकलो. दुसऱ्या दिवशीही जिंकलो. ओळीनं अकरा सामने! मी अख्ख्या मंडळाला पेढे वाटले. ताईंच्या दवाखान्यातही नेऊन दिले. म्हटलं, ताई, अमरावतीला माझं हृदय दुरुस्त केलं की नवंच बसवलं?

मंडळी, तुम्ही हसताय. तेव्हाही तुम्ही असेच खाली मान घालून हसत होता. कारण तुम्ही आपसात ठरवलं होतं, मास्तरांना जोरात मारायचं नाही. मोठ्या माणसाचा मान, त्यातून आजारी माणूस. जावयाच्या पानात पुरी वाढावी तसा चेंडू माझ्या बॅटवर येत होता, आणि मला वाटत होतं मी खेळतोय.

इनायतभाई तेव्हा महिनाभर भोपाळला होते. ते परतले आणि पहिल्याच सकाळी त्यांनी मला अकरा-एक असं हरवलं. तो एकही त्यांचा चेंडू बाहेर गेला म्हणून मिळाला. मी बॅट ठेवली, घरी गेलो आणि दोन दिवस आलो नाही.

तिसऱ्या दिवशी हे दारात उभे. बसले नाहीत. "मास्तर, काहून येऊन नाई राहिले?"

मी तडकलो. "तुमाले लाज नाई वाटली? बिमार माणसाले असं मारते का कोणी?"

तर म्हणतात कसे, "बिमार कोन हाय? डॉक्टरीणबाईनं सांगतलं ना, खेळा? हे समदे तुमाले सांभाळून राहिले, मास्तर. मी तुमच्यासंगं खेळून राहिलो. तुमाले काय पाह्यजे ते तुमी ठरवा." आणि सायकल वळवून निघून गेले.

त्या दिवसांत घरात माझ्या हातातून पाण्याची बादलीसुद्धा काढून घेत. मी जिना चढू लागलो की सून मागे उभी राही. सगळं प्रेमानंच. पण मी मनातून खुर्चीत बसून संपायला लागलो होतो, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. दुसऱ्या दिवशी मी मैदानावर गेलो आणि हरलो. पहिले आठ महिने तर रोज हरलो. हरून हरून माझी पोटाची वळी गेली, श्वास लांबला. चिखलदऱ्याला नातवंडांबरोबर पायऱ्या न थांबता चढलो. रिपोर्ट बघून ताईंनी विचारलं होतं, हे कशानं झालं? मी पिकलबॉल म्हणालो. ताई, ते उत्तर अर्धंच होतं.

आणि इनायतभाईंना काय मिळालं? नसीमबानो भाभी गेल्यापासून घरात एकटे. सगळ्यांच्या आधी येऊन मैदान झाडायचे, चुन्यानं रेघा मारायचे. एकदा मी विचारलं, इतक्या लवकर कशाला येता? म्हणाले, "घरी आवाज नाई ना, मास्तर."

काल आमचा शेवटचा सामना झाला. ते दहा, मी सहा. चेंडू त्यांच्या हातात. त्यांनी गुण पुकारले, "दहा-सहा," आणि तसेच उभे राहिले. पुन्हा पुकारले. पुन्हा उभे. दहा सेकंदांत चेंडू मारायचा असा नियम आहे. आपण सगळे तिथे होतो, कुणीही नियम काढला नाही. मग त्यांनी मारला. इतका जोरात मारला, की माझी बॅट हलायच्या आत चेंडू मागे भिंतीवर. मी हरलो. जाळीपाशी येऊन त्यांनी हात पुढे केला. मी तो दोन्ही हातांनी धरला.

तनवीर बेटा, तू बापाला एकटं ठेवत नाहीस, हे योग्यच आहे. मी तुझ्या जागी असतो तर हेच केलं असतं. तिथे मैदान शोधून दे त्यांना. त्यांना कुणीतरी माझ्याच वयाचा भिडू मिळेल. त्या माणसाला मी पाहिलेलं नाही, पण भोपाळचं कळल्यापासून, गेले आठ दिवस, मला त्याचा हेवा वाटतोय. तो रोज सकाळी इनायतभाईंकडून हरणार आहे.

अध्यक्ष महाराज, विषय सुटला, सांभाळून घ्या. ताईंचे, किसनरावजींचे आणि इतका वेळ ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. फक्त पेपरला बातमी पाठवणाऱ्यांना एक विनंती आहे. 'कार्यक्रम आनंदात पार पडला' असं लिहू नका.