दोनशे चाळीस

...आणि वर मलाच म्हणतात, "अनुसूया, तुझं मशीनच बिघडलंय!" चोराच्या उलट्या बोंबा! अहो, महिन्यापूर्वी घेतलेलं साखर तपासायचं मशीन, माझं बोट टोचलं की एकशेदहा, यांचं टोचलं की दोनशे चाळीस... मशीन काय माणूस बघून बिघडतं? तुम्हाला सांगते, बेंगळुरूच्या चामराजपेटेत सून म्हणून आले त्याला एकेचाळीस वर्षं झाली, पण अशी इरेला कधी पेटले नव्हते. मी सोडणार नाही म्हणजे नाही!

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय झालं? झालं असं, की आमचे हे, बिंदुमाधवराव, कारखान्यात तीस वर्षं इंजिनिअर, एकेक पार्टचा नंबर तोंडपाठ, आणि गेल्या श्रावणात यांचा चष्मा सापडला कुठे? इडलीच्या पिठात! तेव्हा हसले मी. पण पुढच्याच आठवड्यात फोनवर पोटच्या मुलीला, शाल्मलीला, विचारतात, "आपण कोण बोलताय?" ...तेव्हा नाही हो हसू आलं.

गेलो डॉक्टर संहितांकडे. पोरगीच आहे, पण समजावून किती सांगते! "आंटी, अंकलना अठरा वर्षं डायबिटीस आहे ना? इन्सुलिन हे हॉर्मोन नुसतं साखरेसाठी नसतं, मेंदूलाही त्याचा निरोप लागतो. निरोप पोचतो, पण पेशी ऐकेनाशा होतात, मग आठवणीचं काम बिघडू शकतं." म्हटलं, "निरोप पोचतो पण ऐकत नाहीत? डॉक्टर, हे तर मी एकेचाळीस वर्षं बघतेय!" ती हसली, पण लगेच गंभीर झाली. म्हणाली, डायबिटीसवाल्यांना अल्झायमरचा धोका जास्त दिसतो, त्यानेच होतं असं मात्र नाही, अजून शोध चाललाय, अंकलचं काय ते तपासण्यांनंतर कळेल. "तोवर साखर ताब्यात ठेवा, चालायला पाठवा." सरी, ठीक आहे! ठरलं! मी सोडणार नाही म्हणजे नाही!

घरातली साखर हद्दपार, गूळ शेजारच्या अक्कांकडे, भात वाटीने मोजून, आणि हे रोज सकाळी सहाला पार्कात, कारखान्यातल्या जुन्या मंडळींबरोबर! घामाघूम होऊन यायचे हो, मला इतकं बरं वाटायचं... आणि साखर? एकशेऐंशीवरून दोनशे चाळीस! चालून साखर वाढते? असं कुठे ऐकलंय? विचारलं, "अहो, बाहेर काही खाता का?" तर लहान बाळासारखा चेहरा करून म्हणतात, "छे गं... खाल्ल्याचं आठवत नाही बुवा."

आठवत नाही! खोटं बोलतायत, की खरंच आठवत नाही? सकाळी खाल्लेलं दहाला आठवत नसेल तर उद्या मलाही विचारतील, "आपण कोण?" तुम्हाला सांगते, देवासमोर हात जोडून उभी राहिले. आयुष्यभर म्हणत आले, देवा, यांना खरं बोलायची बुद्धी दे. त्या दिवशी म्हटलं, देवा, खोटंच बोलत असू देत!

दुसऱ्या दिवशी बूट घातले आणि निघाले बरोबर. "तू कशाला? गुडघे दुखतील तुझे!" म्हटलं, दुखू देत, मी सोडणार नाही म्हणजे नाही! पार्काला तीन फेऱ्या झाल्या आणि अख्खी पलटण वळली कोपऱ्यावरच्या दर्शिनीकडे, उभ्यानं खायच्या हॉटेलाकडे, म्हणे ही शिस्त कारखान्यापासूनची, शिफ्ट सुटली की नाश्ता! आमचे हे दारातच थबकले. "अय्यो, हे हॉटेल कधी उघडलं गं?"

तेवढ्यात गल्ल्यावरचा माणूस ओरडतो, "सार, यथाप्रकार? ओंदु, एक केसरीबात, तूप जास्ती?" शिरा हो! साखरेत बुडवलेला शिरा! आणि मला बघून जीभ चावतो, "अय्यो सार, हे घरच्या अम्मा का? त्यांनाच सांगायचं नाही म्हणून तुम्ही रोज बजावता ना?"

रोज बजावतात! न विसरता! अहो, भर हॉटेलात रडले मी, आनंदाने! पलटणीला वाटलं, अम्मा चिडल्या. हे आपले हळूच म्हणतात, "अनुसूया, स्वल्प ऐक तरी..." म्हटलं, काही ऐकायचं नाही, उद्यापासून तिन्ही फेऱ्या माझ्याबरोबर, आणि शेवट घरी!

गुरुवारी डॉक्टरकडे जायचंय. विचारेल ती, "आंटी, अंकलची तब्येत काय म्हणते?" काय सांगणार? सांगेन, बाई, साखर दोनशे चाळीस आहे... पण लबाडी ठणठणीत आहे!