दादाची सॅक

दीर : वहिनी, अख्खी सॅक जमिनीवर ओतलीत की! मला वाटलं, सामान कुणाला तरी देऊन टाकायला बोलावलंय.

वहिनी : देऊन टाकायला नाही, भरायला. मला यातलं ओ की ठो कळत नाही, भावोजी. हे काय?

दीर : हेडटॉर्च. कपाळाला बांधायचा, म्हणजे दोन्ही हात मोकळे.

वहिनी : आणि ही शिट्टी? पंचेचाळिशीच्या माणसाला?

दीर : धुक्यात कुणी चुकलं तर हवी. दादा मात्र उगाचच फुंकायचा. माकडं उत्तर देतात म्हणे.

वहिनी : देत असतील. त्याला सगळेच उत्तर द्यायचे.

दीर : पण निघालात कुठे?

वहिनी : तुम्ही दोघे दरवर्षी जायचात, त्या डोंगरावर.

दीर : माझ्यापुढे त्या डोंगराचं नाव काढू नका. दादाला जाऊन तीन महिनेही झाले नाहीत.

वहिनी : डोंगराने काय घोडं मारलंय? तुमचा दादा तर घरातच गेला, हातात चहाचा कप असताना. मी चहा सोडला का?

दीर : तुम्हाला घरचा जिना चढताना धाप लागते, वहिनी.

वहिनी : लागू दे. बसत बसत जाईन. तुम्ही नाही आलात तर एकटी जाईन.

(वहिनी हाताला येईल ते सॅकमध्ये कोंबू लागते.)

दीर : ...असं नाही भरायचं. स्टोव्ह, पाणी, जड ते सगळं पाठीलगत. रेनकोट सगळ्यात वर. पाऊस काही विचारून येत नाही.

वहिनी : पत्ते घेऊ?

दीर : घ्या. तंबूत पत्त्यांशिवाय करमत नाही. दादा कायम रडीचा डाव खेळायचा.

वहिनी : घरी काय वेगळं होतं! बरं, त्याचे बूट घालून बघते.

दीर : नको. केवढे मोठे होतील. पायांना फोड येतील.

वहिनी : दोन-दोन मोजे चढवीन.

दीर : वहिनी, नका ना. तुमच्या मापाचे नवे घेऊ. उद्याच जाऊ दुकानात.

वहिनी : मग हे दाराशीच राहू देत.

दीर : राहू देत.

वहिनी : भावोजी, वर पोहोचल्यावर तो आधी काय करायचा?

दीर : तुम्हाला फोन लावायचा.

वहिनी : मला तर कधीच आला नाही.

दीर : रेंजच नसते तिथे. तरी लावायचा.