स्प्रूस? मी मेल्यावर!

...आणि भुसा तो भुसाच ना हो शेवटी? तुम्हीच सांगा! लाकूड चिरताना खाली पडतो तोच भुसा, तोच दाबून दाबून त्याच्या शेंगदाण्याएवढ्या कांड्या करायच्या, पिशवीत भरायच्या, पिशवी शेगडीच्या डोक्यावरच्या पेटीत ओतायची, बटण दाबायचं आणि खुर्चीत बसून पाय शेकायचे... एवढंच तर आहे पेलेटच्या शेगडीचं शास्त्र! अमेरिकेतलं आमचं अख्खं मेन राज्य हिवाळाभर दुसरं काही करत नाही. पण एल्वुड टिबेट्सला विचारा! म्हणजे, विचारू नका. विचारलंत तर बसल्या जागी म्हातारे व्हाल.

तुम्हाला सांगतो, हा एल्वुड जन्मभर जंगलात झाडं पाडत होता, आणि त्याच्या बापाने त्याच्या डोक्यात एकच गोष्ट खिळा ठोकल्यासारखी ठोकून ठेवली होती. घरात जाळायचं ते ओक, मेपल, टणक लाकूड. स्प्रूस, पाइन ही मऊ, चिकाची लाकडं जाळली की धुराड्यात डांबर साचतं, एक दिवस धुराडं पेट घेतं आणि घर जातं. आता हे खरं आहे! ओंडक्यांच्या बाबतीत अगदी खरं! आमच्याकडे पोरं चालायच्या आधी हे शिकतात. पण कांडीचं तसं नसतं हो! कांडी होईपर्यंत भुसा असा वाळवलेला असतो, वर शेगडीतला पंखा असा वारा घालतो, की कुठला चीक आणि कुठलं डांबर! उलट स्प्रूसची कांडी जास्त तापते आणि मागे राख सोडते ती चिमूटभर. हे गावातल्या कोंबड्यांनाही पटलंय. एल्वुडला? छाती पुढे काढून, टोपी मागे सारून, एकच वाक्य:

"स्प्रूस? माझ्या घरात? मी मेल्यावर!"

बायको, व्हर्ना, गरीब नव्हे बरं का, चांगली तिखट बाई. त्याची पाठ गेली, कुऱ्हाड उचलेना, म्हणून ही शेगडी तिनेच आणवली. आणि पहिल्या दिवसापासून हा पठ्ठ्या कांड्यांची परीक्षा घेतोय! मुठीत घेऊन हुंगतो, बोटांनी मोडतो, पाण्याच्या ग्लासात टाकून किती वेळात फुगते बघतो, आणि शेवटी, देवाशपथ, दाढेखाली चावतो! चावून डोळे मिटतो, जसा काही ओकच्या आत्म्याशी बोलतोय. "हं... ओक. पण उत्तरेच्या उताराचं नाही."

आणि घेणार कसलं? तर बाजारातलं सगळ्यात रद्दी ओक, सालीसकट दळलेलं! ते जळायचं कसलं, कुढायचं. खालच्या वाटीत राखेची अशी दगडी चिक्की धरायची की शेगडी दोनदा खोकायची आणि विझायची. बाहेर थंडी अशी की नाकातले केस कडक होतात, आणि घरात व्हर्ना कोट घालून, कानटोपी घालून, हातमोज्यांनी अंडी फोडतेय!

"एल्वुड, माझ्या चहावर साय नाही, बर्फ आलाय."

"मग जरा लवकर पी."

हे उत्तर! नवऱ्याचं! सगळ्यात आधी मांजर गेलं. सामान बांधायचं नव्हतं, निघालं आणि सरळ समोरच्या क्लेटन व्हार्नीच्या खिडकीत जाऊन पसरलं. हा क्लेटन म्हणजे गावातला दुकानदार. कोंबड्यांचं खाद्य, फावडी, कांड्या, सगळं विकणारा. तरुणपणी व्हर्नाबरोबर नाचायचा, असं म्हणतात. व्हर्ना म्हणत नाही, पण नाकारतही नाही. त्याच्या घरात स्प्रूस, त्यामुळे फेब्रुवारीत हा बनियनवर फिरतो, आणि मुद्दाम खिडकीशी येऊन फिरतो!

"काय रे एल्वुड," भर दुकानात ओरडून विचारायचा, "तुझं मांजर विचारत होतं, व्हर्ना कधी येतेय?"

सगळं दुकान हसायचं. कॉफी पीत उभी असलेली सगळी म्हातारी खोडं दात काढायची, ज्यांना होते ती. एल्वुड लाल व्हायचा. त्याच्या वाट्याला कुठे ऊब होती, तर ती तेवढीच, कानांत.

"एक पिशवी स्प्रूस फुकट देतो. वापरून तर बघ, म्हाताऱ्या."

"मी मेल्यावर!"

"मग घाई कर की! आम्हाला बाईची काळजी वाटते."

आणि एक दिवस क्लेटनने काय करावं? ओक ठेवणंच बंद केलं. "गिऱ्हाईक एकच, आणि तेही चावून बघणारं," म्हणाला. आता ओक मिळणार तळ्यापलीकडच्या दुकानात. रस्त्याने जायचं तर तळ्याला भलामोठा वळसा. पण हिवाळ्यात आम्ही कशाला वळसा घालतो? गोठलेल्या तळ्यावरून सरळ गाडी काढायची. सगळेच काढतात. मात्र मधेच चार दिवस ऊन पडून बर्फाचा रंग दुधाळ झाला, की तो कच्चा समजायचा, मग कुणी काढत नाही. आणि नेमकं तेव्हाच ऊन पडलं होतं! क्लेटन स्वतः काठावर येऊन ओरडला, "अरे, परतताना ओझं घेऊन येऊ नकोस! ओक जड असतं!"

म्हणजे चुकीच्या माणसाने बरोबर सल्ला दिला. झालं! आता एल्वुड ऐकतो होय?

जाताना गाडी नीट गेली. येताना, मागे पिशव्यांचा डोंगर, तळ्याच्या मधोमध... कड्डाक! एल्वुड दारातून असा उडाला की पाठदुखी विसरला. गाडी आधी मागून बसली, मग नाक वर केलं, एकदा दिवे मिचकावले आणि गेली तळाला. ओकसकट! वर राहिली ती त्याची टोपी, भोकात गोल गोल फिरणारी.

बर्फाला भोक पाडून मासे धरणारे तळ्यावरच खोपटं टाकतात, तसल्या एका रिकाम्या खोपटात हा रांगत रांगत शिरला. तिथे घोंगडी होती, व्हिस्की होती, छोटी शेगडी होती, आणि जळायला फक्त पाइनच्या ढलप्या. घातल्या त्याने. दुसरीकडे बघत घातल्या. हे त्याने आजवर कुणाला सांगितलेलं नाही, म्हणूनच गावात सगळ्यांना माहीत आहे. मग लाजेने म्हणा, व्हिस्कीने म्हणा, तिथेच झोपला.

आणि इकडे? इकडे सापडली टोपी!

माणूस गेला की आमच्याकडे एक रीत आहे. बायका बीन्सची मडकी आणि मॅकरोनीची भांडी घेऊन येतात, आणि पुरुष विधवेचं सरपण भरून देतात. बर्फात एकट्या बाईने कुडकुडू नये म्हणून. चांगली रीत आहे. पण वेग बघा तुम्ही! टोपी वाळायच्या आत पाद्रीबाई आल्या, व्हर्नाच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाल्या, "धीर धर गं. तो काही बोलून गेला होता का? शेवटची इच्छा वगैरे?"

व्हर्नाने नाक पुसलं. कोट घट्ट केला. विझलेल्या शेगडीकडे बघितलं.

"बोलायचा ना. रोज बोलायचा," ती म्हणाली. "स्प्रूस आणायचं, पण तो मेल्यावर." आणि वळून म्हणाली, "क्लेटन, गाडी मागच्या दाराशी लाव."

आधी शेगडी पेटली हो, रडणं नंतर!

दुसऱ्या दिवशी दुपारी एल्वुड घराशी आला. बघतो तर दारात ही एवढी गाड्यांची रांग, धुराड्यातून धूर जवळजवळ नाहीच, आणि खिडक्यांवरचा बर्फ... वितळलेला! दार उघडलं. आत सगळं गाव. बायकांनी स्वेटर काढून ठेवलेले, काकवीचे डोनट फिरतायत, पाद्रीबाई म्हणतायत, "एल्वुड हा ठाम मतांचा माणूस होता," आणि मागून कुणीतरी म्हणतंय, "म्हणून तर बुडाला." त्याच्या खुर्चीत क्लेटन. क्लेटनच्या मांडीवर मांजर!

एल्वुड उंबऱ्यावर उभा. दाढीत बर्फ. आता वाटलं त्याला, किंचाळतील, धावतील, गळ्यात पडतील...

"दार लाव!" सगळं घर एका सुरात ओरडलं. "ऊब जातेय!"

दार लावलं त्याने. व्हर्ना पुढे आली. त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, गाल चाचपला, एक सेकंद डोळे भरलेही तिचे, खोटं नाही बोलत मी. मग म्हणाली, "मेला नाहीस तर!" आनंदाने म्हणाली का? ते तुम्ही मला विचारू नका.

"नाही मेलो."

"बरं." तिने मोठा श्वास घेतला. खुंटीवरचा कोट काढला आणि अंगात घालायला लागली. "क्लेटन, ऊठ. पिशव्या बाहेर काढ. शेगडी विझव. घराचा मालक जिवंत आहे, त्याचा शब्द आहे."

एकेक बाई स्वेटरकडे हात नेते आणि एल्वुडकडे बघते. अशी बघते, जसं काही तळ्याने काम अर्धवट टाकलं! मांजरानेही बघितलं. क्लेटन उठला, पहिली पिशवी उचलली. व्हर्नाचं वरचं बटण लागलं. दुसरं लागलं. आणि तेवढ्यात एल्वुडच्या बुटांत, थंडी पडल्यापासून पहिल्यांदा, त्याच्या पायाच्या बोटांना कळलं की आपण बोटं आहोत...

"थांबा," तो म्हणाला.

सगळे थांबले.

"तसा... बुडालोच होतो म्हणा ना."

"नीट बोल," व्हर्ना म्हणाली, तिसऱ्या बटणावर बोट ठेवून. "मेलायस की नाहीस?"

टोपी काढायला हात वर गेला. टोपी नव्हती. ती टेबलावर होती, फुलांच्या मधोमध.

"मेलोय," एल्वुड म्हणाला.

"मग सरक, डोनट संपतायत," व्हर्ना म्हणाली, आणि कोट खुंटीला लावला. खुर्ची मात्र त्याला मिळाली नाही. मेलेल्याला कशाला हवी खुर्ची? क्लेटन परत बसला, मांजर परत बसलं, पाद्रीबाईंनी उरलेलं भाषण पूर्ण केलं, आणि एल्वुडने ते भिंतीला टेकून, पाय शेकत, मान हलवत ऐकलं.

एप्रिलात तळं फुटलं, गाडी काढली. मागे ओकची अशी काही खीर झाली होती, की फावड्याने उपसावी लागली. ते बघून एल्वुडचं तोंड एवढंसं झालं हो! वाटलं, आता उन्हाळ्यात ऊब आली की हट्टही परत येणार. आला ना! जूनमध्ये आला, जुलैत आला, ऑगस्टमध्ये पुन्हा कुणाच्या तरी कांड्या चावून बघितल्या. पण परवा, पहिलं दव गोठलं त्या सकाळी, दुकानाचं दार ढकलून आत आला. क्लेटन काउंटरवर कोपर टेकून वाटच बघत होता. कॉफीवाली खोडंही कप खाली ठेवून वळली.

"या! काय देऊ? स्प्रूस? तुझ्या घरात?"

एल्वुडने टोपी काढली, छातीशी धरली, आणि डोळे मिटून म्हणाला,

"आजच सकाळी गेलो रे. घाल गाडीत."