मांडी घातलेली चिप

पोरंहो, रिपेरिंग शिकताना तुम्ही चिपा जाळता म्हणून सांगतो. भीमजयंतीच्या दुपारी आमच्या विहाराचा साऊंड मिक्सर बंद पडला. संध्याकाळी माह्या बायकोचं, वैशालीचं, पहिल्यांदाच माइकवर गाणं होतं. मी जळलेली चिप काढली. भंगारातल्या मिक्सरमध्ये तशीच सापडली, पण ती रुंद होती. तिचे पाय बोर्डावरच्या जागेबाहेर जाऊन राह्यले.

वैशाली म्हणे, "आता यवतमाळले जायले वेळ कुठं हाय?"

म्हटलं, "बाहेर जाऊन राह्यले, तर आत घेतो."

चिमट्यानं एकेक पाय चिपच्या पोटाखाली वाकवला, मांडी घातल्यासारखा. एक जरी तुटला असता तर सारं संपलं होतं. श्वास रोखून सोल्डर मारलं अन् बटन दाबलं.

"हॅलो!" वैशालीचा आवाज पार रस्त्यापर्यंत गेला.

लोकांनी इतकं 'वन्स मोअर' केलं का शेवटी वैशालीचा गळा बसला, पण चिप नाही बसली!