गुरुवारची फर्माईश

सन्माननीय अध्यक्ष महोदय, म्हणजे आपले अधीक्षकसाहेब; व्यासपीठावर विराजमान प्रमुख पाहुणे, माजी न्यायाधीश महाशय; आजचे सत्कारमूर्ती, ज्यांना या कारागृहात सगळे नुसतं 'मास्तर' म्हणतात; त्यांच्या शेजारी बसलेल्या, त्यांच्या चौतीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच या भिंतींच्या आत आलेल्या आमच्या वहिनी; माझे आजी-माजी सहकारी आणि त्यांचे कुटुंबीय, तुम्हा सर्वांना या निवृत्त हवालदाराचा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. ती पुरणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. साहेब, घंटी वाजवू नका, मला एका कानाने तशीही ऐकू येत नाही. का ऐकू येत नाही, तेच सांगायला उभा आहे.

मास्तर आपले वीजतंत्री. दिवे, धोक्याची घंटा आणि लाउडस्पीकर, ही त्यांची खाती. तिसऱ्या जिन्याखाली त्यांची एवढीशी खोली होती. दोन पंखे लावले तर माणूस बाहेर उभा राहील, एवढी! तिथे एक रेकॉर्ड प्लेअर आणि एक लाकडी कपाट. कपाटात तबकड्या, सगळ्या मास्तरांनी स्वतःच्या घरून आणलेल्या. जुनी पॉप आणि रॉकची संथ गाणी. बॅलड म्हणतात त्यांना, हेही मला त्यांनीच शिकवलं. आधी एकटा पियानो. मग कुणीतरी सर्दी झाल्यासारख्या आवाजात म्हणतो की ती गेली, आता घर खायला उठतंय. आणि आपल्याला डुलकी लागणार, तेवढ्यात धाडकन ड्रम पडतात, गिटार किंचाळते आणि अंगावर काटा येतो. मला ही गाणी आवडायची नाहीत. आजही नाही आवडत, खोटं कशाला बोलू? पण कैद्यांना त्यांचं वेड लागलं होतं. तिघांचे गळे चिरलेला एक माणूस त्या गाण्यांवर बाहीने डोळे पुसायचा. आम्ही हसायचो. मास्तर हसायचे नाहीत.

दर गुरुवारी चार वाजता, कारखान्यात काम चालू असताना, फर्माईश. कैद्याने चिठ्ठीवर गाण्याचं नाव लिहायचं आणि ते कुणासाठी, तेही लिहायचं. 'आईसाठी.' 'सुटून गेलेल्या मित्रासाठी.' मास्तर तेही लाउडस्पीकरवर वाचून दाखवायचे. त्या-त्या खात्याच्या हवालदाराने चिठ्ठी वाचायची, सही करायची आणि मास्तरांकडे पोचवायची. वाचून सही करायची, असा नियम. मी शिवणखात्याचा हवालदार. मी काय करायचो? गठ्ठा भिंतीला टेकवायचा आणि सटासट सह्या मारायच्या. रडक्या प्रेमाच्या चिठ्ठ्या कोण वाचत बसणार?

माझ्या खात्यात एक शिंपी होता. बाहेरही शिंपी, आतही शिंपी. काडीसारखा बारीक, पण गळा असा की मशीनच्या खडखडाटातही ऐकू यावा. लाउडस्पीकर बंद असला तरी त्याचं गुणगुणणं चालूच. मी म्हणायचो, "तोंड बंद." तो बंद करायचा. थोड्या वेळाने पुन्हा सुरू. हट्ट नव्हता हो त्याचा, सवय होती. मला मात्र तो हट्टच वाटायचा.

एका मंगळवारी वरिष्ठांनी मला चारचौघांत झापलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. खात्यात आलो तर हा गातोय. मी त्याला कापडं बेतायच्या टेबलापाशी नेलं. "हात ठेव," म्हटलं. त्याने ठेवले. त्याला वाटलं, झडती घेतोय. मी काठी उचलली आणि त्याच्या बोटांवर मारली. एकदा नाही. पाचदा मारली, सहाव्यांदा त्याने हात ओढून घेतला म्हणून टेबलावर बसली. हाडाचा आवाज मी ऐकला. तो ओरडला, तेव्हा मी काय म्हणालो माहीत आहे? "आता गा." मग नोंदवहीत लिहिलं, 'बोटे मशीनमध्ये सापडली.' डॉक्टरांनी बोटं बघितली, माझ्याकडे बघितलं आणि प्लास्टर घातलं.

साहेब घड्याळाकडे बघतायत. असू दे. तिसऱ्या रांगेत लंबूची बहीण बसली आहे. लंबू म्हणजे सुतारखात्याचा हवालदार, माझा दोस्त. ताई, मोठं दुःख आहे यात तुमच्यासाठी, पण हे ऐकायचा पहिला हक्क तुमचाच आहे. उठून जाऊ नका.

गुरुवार आला. ठरलं असं होतं, हे नंतर चौकशीत कळलं, की एक विशिष्ट गाणं मागायचं. त्या गाण्यात ड्रम दोन मिनिटं दहा सेकंदांनी पडतात. सगळ्या तुरुंगाला ते पाठ होतं. ड्रम पडले की दोन्ही खात्यांनी एकदम उठायचं. सुतारांनी लंबूला धरायचं, शिवणाऱ्यांनी मला संपवायचं. लंबूवर कुणाचा राग नव्हता, त्याच्या कमरेला किल्ल्या होत्या.

आणि नेमकी त्या दिवशी मास्तरांची त्या गाण्याची छोटी तबकडी तडकलेली निघाली. फर्माईश तर पुरी करायची! त्यांनी मोठी तबकडी लावली. त्या तबकडीवर तेच गाणं आहे, पण सुरुवातीचा पियानो मिनिटभर जास्त चालतो. मास्तरांना वाटलं, बरंच आहे की, लोकांना जास्त ऐकायला मिळेल.

सुतारखात्यातला एकजण कानाने न ऐकता मनात आकडे मोजत होता. त्याचे दोन मिनिटं दहा सेकंद भरले आणि त्याने पटाशी लंबूच्या पोटात घातली. ड्रम नव्हते, तरी घातली. मग बाकीचे उठले. लंबू पडला, आतडी एका हाताने धरून भिंतीपर्यंत सरपटला आणि त्याने घंटेचं बटण दाबलं. दाबून धरलं. पुढचे घाव त्याच्या पाठीवर पडत होते, तरी त्याने बोट काढलं नाही.

माझ्या खात्यात सगळे खाली मान घालून ड्रमची वाट बघत बसले होते, कात्र्या मांडीखाली. मी पाठमोरा. घंटा वाजली म्हणून मी वळलो. मानेसाठी निघालेली कात्री गालातून आत शिरली आणि कानातून बाहेर आली. तोंडात दात आणि रक्त. हाताला गरम इस्त्री लागली, ती मी समोरच्याच्या तोंडावर हाणली. त्याचा जबडा गेला. दुसऱ्याच्या गुडघ्यावर हाणली. मी माणसासारखा लढत नव्हतो. आणि तेव्हा, साहेब, ड्रम पडले. सगळं गाणं वाजलं, शेवटपर्यंत. मास्तरांच्या दारावर कैद्यांच्या धडका चालू होत्या, सुई उचलणार कोण?

कुमक आली. "हात वर!" असा पुकारा झाला. शिंपी कोपऱ्यात बसला होता. त्याच्याजवळ काही नव्हतं, त्याला काही धरताच येत नव्हतं. त्याने हात वर केले. धुरळ्यात कुणाला ती पांढरी प्लास्टरं हत्यारासारखी दिसली. त्याच्या डोक्यात सात-आठ काठ्या पडल्या. लंबूने घंटेखाली जीव सोडला, शिंप्याने कोपऱ्यात.

मग चौकशी. इशारा गाण्याचा होता, हे कैद्यांनी सांगितलं. गाणं लावलं कुणी? मास्तरांनी. कुणाच्या सांगण्यावरून? "फर्माईश होती." चिठ्ठी कुठे आहे? "हरवली." झालं! पुरावा नाही म्हणून शिक्षा नाही, पण कागदावर 'संशय' राहिला. सव्वीस वर्षं बढती नाही. उपाहारगृहात हा माणूस बसला की टेबल रिकामं व्हायचं. त्यांच्या घराच्या दारावर कुणीतरी 'फितूर' लिहिलं, वहिनींनी ते घासून काढलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा घासलं. ताई, लंबूच्या दिवसांना मास्तर आले, तेव्हा तुम्ही त्यांच्या पायाशी थुंकलात. मी शेजारीच उभा होतो. गालाला पट्टी होती, पण जीभ शाबूत होती. मी बोललो नाही.

मला शौर्यपदक मिळालं. बाहेरच्या भिंतीवर माझा फोटो आहे, येताना बघितलाच असेल.

चिठ्ठी हरवली नव्हती. नवव्या दिवशी मास्तर इस्पितळात आले, दार लावलं आणि ती माझ्यासमोर धरली. वर गाण्याचं नाव. खाली लिहिलं होतं, 'आमच्या शिंप्याच्या मोडलेल्या बोटांसाठी.' त्याच्या खाली माझी सही. मी ती वाचली असती, तर गाणं लागलं नसतं. लंबू आज इथे बसून मला म्हणाला असता, "आवर की लेका!" मास्तरांनी ती ओळ लाउडस्पीकरवर वाचली नव्हती. संध्याकाळी मला एकट्याला गाठून विचारायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

ते म्हणाले, "हवालदारसाहेब, ही दाखवली तर तुम्ही आत जाल. आणि आत ही माणसं तुम्हाला आठवडाभरही जगू देणार नाहीत. तुमच्या मिसेस बाहेर पायरीवर बसल्यात, सातवा महिना आहे त्यांना. ही राहू दे माझ्याकडे. तुम्हाला बरं वाटलं की तुम्हीच सांगा."

बरं वाटलं की! दोन महिन्यांत मी जेवायला लागलो, चार महिन्यांत कामावर आलो. सव्वीस वर्षांत मला सांगण्याइतकं बरं काही वाटलं नाही. आणि या माणसाने एकदा, एकदाही विचारलं नाही. लाउडस्पीकर बंद झाला, तबकड्या जप्त होऊन फुटल्या, तेव्हाही नाही. मला त्याचाच राग यायचा. अरे, शिवी दे, कॉलर धर, काहीतरी कर!

मास्तर, हात हलवून 'पुरे, पुरे' करू नका. वहिनी, त्यांना बसवा. पुरे नाही झालेलं.

आज सकाळी मी हे सगळं लिहून, सही करून अधीक्षकसाहेबांना दिलं. यावेळी वाचून सही केली. साहेब म्हणाले, "आधी कार्यक्रम गोडीने पार पडू दे, मग बघू." साहेब, तुमचा आदर राखून सांगतो, 'मग' करत करतच माझी सव्वीस वर्षं गेली. ज्या लोकांसमोर या माणसाला फितूर ठरवलं, त्याच लोकांसमोर हे सांगायला हवं होतं. ऐका सगळ्यांनी. मास्तर फितूर नव्हते. लंबूचा जीव माझ्या काठीने आणि माझ्या न वाचलेल्या सहीने गेला. हे पदक मी या टेबलावर ठेवतो. त्याचं काय करायचं ते ताईंनी ठरवावं, आणि माझं काय करायचं ते कायद्याने.

आता आवरतो. बोलायची संधी दिलीत, त्याबद्दल संयोजकांचे आणि अध्यक्षांचे मनापासून आभार. वेळ पाळली नाही, समारंभाचा विरस केला, बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर तेवढं मोठ्या मनाने पोटात घाला. तेवढंच घाला, बाकीचं घालू नका. टाळ्याही वाजवू नका. आणि मास्तर, तुमच्याकडे मी माफी मागत नाही, कारण तुम्ही ती लगेच देऊन टाकाल.