कबुतरांसाठी भरलेली बंदूक

नाही म्हणजे नाही, जावईबापू — मारिनेस इथं नाही, किती वेळा सांगू? तुमच्या घरातून पळाली तर माझ्याच दारात येईल असं कुणी सांगितलं तुम्हाला? पाणी प्यायलात ना? मग उन्हं उतरली की निघा. बसायचं तर बसा त्या बाकावर, पण मला हात चालवू द्या — तळ्यावर रानकबुतरं उतरायची वेळ झाली, बंदूक भरायचीय. हसताय कशाला? हो, ठासणीचीच आहे. अख्ख्या सेर्ताव मुलखाच्या काटेरानात गरिबाकडे हीच असते. काडतुसं परवडणारे तुम्ही, आम्ही नव्हे.

आधी गज आत सोडून बघायचं — जुना बार आत राहिला नाही ना? बारावर बार बसला तर नळी फुटते आणि भरणाऱ्याचंच तोंड जातं. नाही, रिकामी आहे. मग दारू. ती शिंगातून थेट ओतायची नाही, या मापानंच घालायची. अडेल्मोनं — माझ्या नवऱ्यानं, तुम्ही कुठले बघायला त्याला — थेट ओतली होती. नुकताच बार काढलेला, नळीत ठिणगी धुमसत होती, शिंग हातातच फुटलं. मारिनेस तेव्हा अंगावर पीत होती. तेव्हापासून या घरात शिकार मीच आणते. बाईनं बंदूक धरू नये म्हणे! कोण म्हणतं? माझ्या हातचं खाताना तर कुणी म्हटलं नाही.

ते शिंग द्या इकडे, आणि विडी विझवा आधी, उडवाल दोघांना. हा बोळा घायपाताच्या काथ्याचा — गजानं ठोकायचा, ठोकायचा, गज टण्णकन वर उसळला की समजायचं दारू बसली. ऐकलंत? बसली. आता छर्रे, दारूच्याच मापानं. हावरट माणूस दारू जास्त घालतो — मग छर्रे पांगतात आणि पाखरू मधल्या मोकळ्या जागेतून निघून जातं. वर आणखी एक बोळा, हलका, छर्रे ओघळू नयेत एवढ्यापुरता. मी आधी प्रेआसुद्धा मारायची — ते बिनशेपटीचे, घुशीएवढे, काटेरानातले. लसूण लावून भाजले की सशाला मागे टाकतील. पण आता ते घरात आणायची सोय नाही, वास आला की परसात पळते ओकायला. नुसतं कबुतराचं सार राहतं पोटात तिच्या, तेही दुपारनंतर, सकाळी तर पाण्याचा घोट —

काय? असं काय बघताय? कोण म्हणजे? शेजारीण. शेजारणीचं सांगतेय मी! बोटं कसली मोजताय? खाली बसा. बस म्हणते ना, एदिवान!

हो, आहे आत. हो, तिसरा लागलाय. पटलं? तुला कळू नये म्हणून महिनाभर तिला अंगणात पाय टाकू दिला नाही मी, आणि आता माझीच जीभ — जळो ही जीभ. ही बार पेटवायची टोपी बघितलीस? घोड्याखाली बसवली की झालं. बसवली. छर्रे कबुतराचे आहेत, मरशील न मरशील, डोळे तर जातीलच. रडू नकोस! मागेही रडलास, चर्चच्या पायरीवर, गावादेखत, आणि ती भोळी बसली तुझ्या मोटारसायकलवर. या खेपेला आली ती चालत. अनवाणी. ते रडणं दुसऱ्या कुणाला दाखव. ऊठ आणि —

मारिनेस! दार का उघडलंस? आत हो. आत हो म्हटलं ना — अगं, नळीसमोरून बाजूला हो, भरलीय ती! आणि हे बोचकं कसलं? कधी बांधलंस? मी इथं गळा फोडतेय आणि तू आत बोचकं बांधत होतीस?

काय? पोराला बाप पाहिजे? तुला होता का गं? कबुतरांवर वाढवलं मी तुला, हाताची सालटी काढून, काट्यांतून सरपटून — बिनबापाची म्हणून काय कमी पडलं? बोल की. त्याच्याकडे काय बघतेस, माझ्याकडे बघून बोल. मी विचारतेय, काय कमी पडलं?

...

हं.

असं होय. रानात बार झाला की मीही गेले वाटून उंबऱ्यात बसून राहायचीस. मला कधी बोलली नाहीस.

बरं. टोपी काढली, बघ. आता या बंदुकीतून काही सुटत नाही. आशीर्वाद कसला मागतेस आता, उंबरा ओलांडल्यावर? ... देव तुझं भलं करो. जा. जा म्हटलं ना, उभे काय राहिलात दोघं?

ए — तो हात नको धरू तिचा. दुसरा धर. तू मोडलेला तो अजून जुळला नाही.